पत्रातली शेवटची ओळ

कंपनीच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा मी एका वजनकाट्याचं पोट उघडून बसलो होतो. पोस्टमनने सही घेतली आणि पाकीट हातात तोलत म्हणाला, "पुण्याहून आलंय. जाड हाय." आत चार पानं इंग्रजी होती. माझं इंग्रजी मशिनच्या पुस्तकापुरतं आहे, पण एक शब्द लगेच कळला. त्यांनी मला हॅकर म्हटलं होतं. त्याच्या खालच्या परिच्छेदात आणखी एक शब्द होता, तो मोबाईलला विचारावा लागला. मोबाईल म्हणाला, खंडणी.

मी नोटीस टेबलावर आपटली आणि मोठ्याने शिवी दिली. शेजारच्या टायरवाल्याने मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. माझ्या शिव्यांची त्याला सवय आहे.

सोनईहून घोडेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं दुकान आहे. शिक्षण दहावी, तेही पुरतं नाही. आधी रेडिओ, मग मोटारीचे स्टार्टर, मग वजनकाटे, आणि गेली बारा-पंधरा वर्षं दूध केंद्रांवरची फॅट मशीन. हे मशीन म्हणजे टिफिनच्या डब्यापेक्षा थोडी मोठी पेटी. कपात दूध धरायचं, मिनिटभरात पडद्यावर दोन आकडे येतात, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग. भाव त्यावरच ठरतो. घरच्या गाईने दिवसभर काय खाल्लं आणि बाई किती राबली, सगळ्याचा निकाल त्या दोन आकड्यांत. म्हणून केंद्रावर भांडण झालं की ते बहुतेक या पेटीवरूनच होतं.

ज्या कंपनीने नोटीस पाठवली, तिच्या पेट्या आमच्या भागात सगळ्यात जास्त. आणि माझं दुखणं असं की त्या पेट्यांशी माझा संबंध कंपनीच्या डीलरपेक्षा जुना. त्यांचा जिल्ह्यातला डीलर वर्षानुवर्षं बिघडलेले बोर्ड गुपचूप माझ्याकडे पाठवायचा. मी दुरुस्त करायचो आणि तो वर कंपनीचं स्टिकर चिकटवून परत द्यायचा. मी तीनदा सर्व्हिस एजन्सी मागितली. तीनदा उत्तर आलं की माझ्याकडे डिप्लोमा नाही. बोर्ड दुरुस्त करताना कोणी डिप्लोमा विचारला नव्हता.

आता मूळ प्रकरण. आमच्या शेजारच्या गावात एक बाई दूध केंद्र चालवतात. नवऱ्याच्या माघारी त्यांनी ते उभं केलं. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भाऊ. एका सकाळी लाईटचा झटका बसला आणि त्यांच्या मशिनने प्रत्येकाचा एसएनएफ कमी दाखवायला सुरुवात केली. रांगेतल्या एकाने विचारलं, "ताई, आमच्या गाया एकदमच पानी जास्त प्यायला लागल्या का?" दुसरा म्हणाला, "गाया न्हाई, पेटी पितीय." लोक हसले, पण दुसऱ्या दिवशी दोघांच्या गाड्या किटल्या घेऊन समोरच्या केंद्राकडे वळल्या. तिसऱ्या दिवशी सात.

कंपनीने सांगितलं, माणूस तीन आठवड्यांनी येईल. मशीन पुन्हा जुळवायला आतल्या सेटिंगमध्ये जावं लागतं आणि तिथे ते चार आकडी नंबर मागतं. नंबर कंपनी देत नाही.

"तीन आठवड्यांनी येऊन काय करनार त्यो?" ताई फोनवर म्हणाल्या. "हितं कुत्रं सुदिक उरायचं न्हाई तवर. भाऊ, तुमी या. पण मशीन माझ्या डोळ्यांदेखत उघडायचं. बाहेर न्यायचं न्हाई."

हे त्यांनी सांगितलं नसतं तरी मी तेच केलं असतं. फॅट मशीनला आडबाजूला हात लावणाऱ्या माणसावर गावात विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबर करतात. मी अंगणात टेबल मांडलं, सकाळचं दूध घालून थांबलेल्या लोकांसमोर पेटी उघडली, मेमरीच्या चिपला तारा लावल्या आणि आतला मजकूर लॅपटॉपवर उतरवून घेतला. त्यातून नंबर शोधायला दोन दिवस लागतील असा माझा अंदाज होता. अर्धा तास लागला. नंबर तिथे उघडाच लिहिलेला होता, दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवावी तसा. मी सेटिंग जुळवलं, जुन्या ॲसिडच्या पद्धतीने फॅट काढून आणि लॅक्टोमीटर लावून ताडून पाहिलं. आकडे जमले. ज्याने पेटी पिते असं म्हटलं होतं, त्याने स्वतःहून चहा सांगितला.

त्याच आठवड्यात खर्ड्याच्या एका केंद्राकडून एक मशीन दुरुस्तीला आलं. त्याच कंपनीचं, पण दोन वर्षं नवं. मला एक शंका होती. मालकाला फोन केला, परवानगी घेतली आणि ताईंच्या मशिनचा नंबर दाबला. ते उघडलं.

याचा अर्थ सगळ्या पेट्यांना एकच नंबर. याचा अर्थ ज्याला तो कळेल, तो कुठल्याही केंद्रावर चार बटणं दाबून फॅट दोन घरं खाली आणू शकतो, आणि शेतकरी गाईला दोष देत राहील.

मी कंपनीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. काय सापडलं, कसं सापडलं, ते किती धोक्याचं आहे आणि ते कसं सुधारता येईल. दीड पान मराठीत, स्वच्छ अक्षरात, रजिस्टर पोस्टाने. आणि शेवटी एक ओळ लिहिली: "ही गोष्ट बाहेर फुटू नये असे वाटत असेल, तर या भागाची सर्व्हिस एजन्सी मला देण्याचा विचार व्हावा."

ही ओळ लिहिताना माझा हात थांबला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. माझे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांचे दलाल होते. त्यांच्या मांडीला मांडी लावून मी वाढलो. बैल मारका आहे, किंवा उजव्या खांद्याला चालत नाही, हे दलालाला आधी कळतं. मग तो मालकाला बाजूला घेतो, धोतराच्या सोग्याखाली दोघांचे हात जातात, आणि बोटांनी बोलणं होतं. खोड मला माहीत आहे, आता बोल. यात कोणाला राग येत नाही. उलट जो दलाल खोड ओळखून काहीच मागत नाही, त्याच्याकडे लोक संशयाने बघतात. मला वाटलं, मी बाजाराच्या रीतीने बोललो. पण सोग्याखाली बोललेलं हवेत विरतं, आणि मी ते कागदावर लिहून, सही करून, पोस्टाची पावती जपून ठेवली होती.

दीड महिन्याने उत्तर म्हणून आली ती नोटीस. पंधरा दिवसांत लेखी माफी द्या, यंत्रं उघडण्याचा धंदा बंद करा, नाहीतर पोलिसांत गुन्हा दाखल करू.

नेवाशाला कोर्टात आमचे एक वकीलसाहेब आहेत. माझ्यापेक्षा तापट, म्हणून आमचं जमतं. त्यांनी आधी आयटी कायदा काढला.

"मशीन कोणाचं?"

"ताईंचं."

"उघडायला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. समोर बसून."

"मग घाबरतोस कशाला? कलम त्रेचाळीस काय म्हणतं? मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात कॉम्प्युटर आहे त्याच्या परवानगीशिवाय. इथे मालकीण स्वतः खुर्ची टाकून बसली होती."

"पण हे कॉम्प्युटर कुठंय? दुधाची पेटी हाय."

"ज्यात आकडेमोड आणि मेमरी आहे ते कायद्याला कॉम्प्युटर. तुझा वजनकाटाही." मग त्यांनी कॉपीराइटचा कायदा काढला. त्यातही एक सवलत सापडली. ज्याच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीर आलेला आहे, त्याला तो कसा चालतो हे तपासून बघता येतं. "वाईट नाहीये आपला कायदा," ते म्हणाले. "फक्त पोलीस ठाण्यात तो कोणी वाचलेला नसतो. बरं, तुझं पत्र दाखव."

त्यांनी पत्र वाचलं. दीड पान वाचताना मान हलवत होते. मग मान थांबली. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"ही शेवटची ओळ कोणाच्या डोक्यातून आली?"

"माझ्याच."

"मला आधी दाखवायला काय झालं होतं?"

"तुमी फी लावली असती."

"आता दुप्पट लावीन. अरे गाढवा, मशीन उघडल्याबद्दल तुला कोणी हात लावू शकत नव्हतं. या एका ओळीने तू त्यांच्या हातात कासरा दिलास."

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही. मी चिडून घरी आलो. जगात कुठेतरी माझ्यासारख्या माणसाला शहाणा म्हणत असतील असं वाटत होतं.

मोबाईलवर आमचा दुरुस्तीवाल्यांचा एक ग्रुप आहे. कोणाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही. मी मराठीत बोलतो, मोबाईल त्याचं इंग्रजी करतो, आणि उत्तरं तशीच उलटी येतात. त्यात एक हॉलंडचा आहे, धारा काढायची मशीन दुरुस्त करतो, म्हणून माझ्या जवळचा. एक अमेरिकेत ट्रॅक्टर उघडतो. एक जर्मन आहे. मी माझी हकिगत सांगितली आणि विचारलं, तुमच्याकडे हे केलं असतं तर काय झालं असतं?

अमेरिकेतला म्हणाला, आमच्याकडे आपल्याच ट्रॅक्टरचं डिजिटल कुलूप तोडणं मुळात गुन्हा. मग दर तीन वर्षांनी सरकारपुढे सुनावणी होते आणि काही गोष्टींना सूट मिळते. ट्रॅक्टरला सध्या आहे. मी माझा उघडू शकतो, पण कुलूप उघडण्याचं साधन बनवून शेजाऱ्याला विकू शकत नाही. मला हसू आलं. सवलतीचं गाजर तीन वर्षांनी पुन्हा मागायचं! जर्मन सावध माणूस. चिपमधून असे नंबर शोधायचा एक प्रोग्रॅम मी मागे ग्रुपवर टाकला होता, तो आधी काढून टाक असं त्याने सांगितलं. आमच्याकडे काही वेळा असलं साधन जवळ ठेवणंही अंगाशी येतं, कायदा बदलायचं बोलणं चाललंय पण अजून बोलणंच आहे. हॉलंडच्या माणसाने मात्र माझं मन जिंकलं. तिथे सरकारी वकिलांनाच सूचना आहेत की एखाद्याने चांगल्या हेतूने खोट शोधली, गरजेपुरतीच शोधली, आणि आधी मालकाला कळवली, तर त्याच्यावर खटला भरायचा नाही. सरकारी खात्यातली खोट कळवली तर ते टी-शर्ट पाठवतात. त्याने स्वतःचा फोटो टाकला, टी-शर्ट घातलेला, पोट सुटलेलं.

मी एकदम खूश झालो. म्हटलं, मी तिथे असतो तर टी-शर्ट मिळाला असता. त्याने पत्र मागितलं. मी फोटो टाकला.

मग हॉलंडवाल्याने लिहिलं, शेवटची ओळ काढली असती तर मिळाला असता. त्या सूचनेतच आहे, गप्प राहण्याची किंमत मागायची नाही. जर्मनाने लिहिलं, आमच्याकडेही. अमेरिकेतल्याने लिहिलं, "शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत तू माझा भाऊ. शेवटच्या ओळीला मी तुला ओळखत नाही."

उघडायचं की नाही यावर तीन देशांची तीन मतं. त्या ओळीवर सगळ्यांचं एक, आणि आमच्या नेवाशाच्या वकिलाचंही तेच.

मी माफी दिली नाही. पंधरा दिवस उलटले आणि पोलीस ठाण्यातून फोन आला. गुन्हा अजून दाखल नव्हता, आधी दोघांना समोर बसवायचं होतं. वकीलसाहेब रस्ताभर एकच सांगत होते की तोंड उघडलंस तर मी उठून जाईन. ताईंना मालकीण म्हणून बोलावलं होतं. त्या सकाळचं केंद्र आटपून, पदराला दुधाचा वास घेऊनच आल्या होत्या. कंपनीचा साहेब पुण्याहून आला होता, चाळिशीचा, सभ्य माणूस. त्याने आल्या आल्या ताईंना खुर्ची दिली, हे मी पाहिलं.

फौजदाराने फाईल उलटली. "हे हॅक केलं म्हंजी नक्की काय केलं?"

साहेबाने सांगितलं. मशीन विकलं तरी आतला प्रोग्रॅम कंपनीचा असतो, तो आम्ही फक्त वापरायला देतो.

वकीलसाहेबांनी माझा गुडघा दाबला. तरी मी बोललोच. "साहेब, आमच्याकडं बैल विकला की मालक दावं ठेवून घेतो. बैल जातो, दावं घरी राहतं. लक्ष्मी जाऊ नये म्हणून. कोणी भांडत न्हाई. पण ते दावं बैलाच्या गळ्यात ठेवून दुसरं टोक कोणी आपल्या खुंट्याला बांधत न्हाई. तुमी तेच केलंय."

फौजदार हसला. त्याच्या घरीही गाई होत्या, हे पुढच्या बोलण्यावरून कळलं. "ते ऱ्हाऊ द्या. म्हंजी एक नंबर कळला की कोणी पण फॅट खाली करू शकतं? हे खरं हाय का?"

साहेबाने बॅगेतला एक कागद चाळला. मग म्हणाला, "तांत्रिक टीम बघते आहे."

"आमच्या आईला सांगा ते. ती रोज गाईला शिव्या घालतीय."

खोलीतली हवा बदलली. बाजारात वाढलेल्या माणसाला ते अंगावर कळतं. साहेब आता दबला होता. हीच वेळ होती, आता एजन्सीचं बोलावं आणि हात मारावा. माझ्या ओठावर आलं होतं.

तेवढ्यात ताईंनी फाईलकडे बोट दाखवलं. उघड्या पानावर माझं पत्र होतं, शेवटच्या ओळीखाली कंपनीने लाल रेघ ओढलेली. "त्या पत्रात शेवटाला काय हाय, ते वाचा की."

फौजदाराने मोठ्याने वाचलं.

ताई माझ्याकडे वळल्या. आवाज वर गेला नव्हता. "हे आमाला सांगितलं न्हवतं भाऊ तुमी. म्हंजी कंपनीनं एजन्सी दिली असती, तर तुमी गप बसला असता? आन माझं मशीन तसंच उघडं?"

मी म्हणणार होतो की नाही, मी गप्प बसलो नसतो. पण मी तेच लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात. वकिलाने, तीन देशांच्या लोकांनी सांगितलं तेव्हा मला तो कायद्याचा मुद्दा वाटला होता. ताईंच्या तोंडून ऐकलं तेव्हा दिसलं की मी कंपनीची खोड विकायला काढली नव्हती, ताईंच्या दाराची किल्ली विकायला काढली होती. त्यांच्या, आणि त्या रांगेतल्या सगळ्यांच्या.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "ती ओळ खोडतो."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखादा दगड बोलला.

एजन्सीची मागणी मी सोडली, कागदावर. नंबर कोणाला सांगणार नाही हेही लिहून दिलं. बदल्यात कंपनीने तक्रार मागे घ्यायची आणि दोन महिन्यांत तालुक्यातल्या प्रत्येक मशीनचा नंबर वेगळा करायचा. साहेबाला आणखी एक वाक्य हवं होतं, की मी यापुढे त्यांचं कोणतंही यंत्र उघडणार नाही. त्यावर मात्र मी अडलो. उठलो, बसलो, पुन्हा उठलो. तो "कोणतेही"वरून हलेना, मी "उघडणार"वरून. चहा दोनदा आला. शेवटी त्यानेच पेन घेतलं आणि लिहिलं, "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय." मी म्हटलं, लेखी कशाला, तोंडी बास आहे. तो म्हणाला, "तुम्हालाच उपयोगी पडेल." बाहेर आल्यावर वकीलसाहेब म्हणाले की तो माणूस शहाणा आहे, आणि त्याने त्या एका शब्दात माझा धंदा कायदेशीर करून टाकला.

कंपनीने शब्द पाळला. सगळ्या केंद्रांना एक पत्रक गेलं, "नियमित सुधारणा" अशा मथळ्याचं. खोट कोणी शोधली, याचा त्यात उल्लेख नाही. ते पत्रक मी ताईंच्या भिंतीवर पाहिलं आणि तिथेच एक शिवी दिली. ती मी परत घेणार नाही. हॉलंडवाल्याला टी-शर्ट मिळतो आणि मला नियमित सुधारणा.

कंपनीचा माणूस नंबर बदलायला आला तेव्हा ताईंनी मला बोलावून घेतलं होतं. तो ठाण्यातला दिवस झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच फोन केला होता, म्हणून मी हातातलं काम टाकून गेलो. माणसाने प्रोग्रॅम भरला आणि म्हणाला, आता चार आकडे तुम्ही टाका, तुमच्या मनाचे. मी पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिलो. मागे बटणं वाजत होती, एकेक, सावकाश. रांगेतला कोणीतरी म्हणाला, "ताई, लग्नाची तारीख टाकू नका, सगळ्या गावाला ठाव हाय."

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन आला. "भाऊ, त्यो नंबर इसरले. मशीन परत कमी दाखवतंय. तुमी या आन उघडा."

"येतो. पण ताई, आधी लेखी द्या."

"काय द्या?"

"परवानगी. मी मालकीण, हे मशीन माझं, आन मी हे उघडायला सांगते. सही करा, तारीख टाका."

पलीकडून जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी गेलो तेव्हा कागद तयार होता, दुधाच्या पावतीच्या पाठीमागे लिहिलेला, खाली सही आणि तारीख. मी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि टेबल अंगणात ओढलं.